सबमिशनच्या दिवसांत शिवायला बसणारे कुणी आहे का इथे?

अर्धीबाही | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मी दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी निघते ती संध्याकाळी सहाला खोलीवर येते, मग असाइनमेंट, जर्नल, झोप. मावशीने तिचं वापरात नसलेलं छोटं इलेक्ट्रिक मशीन मला दिलंय. शिवायला येतं म्हणजे उशीचे अभ्रे येतात, एक स्कर्ट झालाय, आणि एक टॉप आहे ज्याची एक बाही गेल्या सुट्टीपासून लागायची राहिली आहे. (आयडीचं रहस्य कळलं असेल.)

झालंय असं की एका मैत्रिणीला वाढदिवसाला चेनचा पाऊच शिवून दिला. तो सगळ्यांना आवडला आणि उत्साहाच्या भरात मी आठ जणींना "तुलाही देते गं" म्हणून बसले. सेमिस्टर संपलं की सगळ्या पांगणार, म्हणजे हातात तीन आठवडे. त्यात दोन सबमिशन आणि एक व्हायवा. काल सकाळी दहाला शिवायला बसले, दोनला उठले. हिशोब केला तर प्रत्यक्ष टीप मारलेली पंधरा मिनिटंसुद्धा भरेनात! बाकी वेळ इस्त्री शोधण्यात, कापड बेतण्यात, कापडाखाली होणारं दोऱ्याचं जाळं सोडवण्यात आणि उलटी लागलेली चेन उसवण्यात गेला.

तुम्ही लोक वेळ कुठून काढता? पाऊचपेक्षा सोपं पण "हे काय दिलंस" असं वाटणार नाही असं काय शिवता येईल? आणि ते जाळं का होतं? दोरा किती आवळायचा ते ठरवणारं टेन्शनचं चाक फिरवून फिरवून माझंच टेन्शन वाढलंय.

चिंधीचोर | सोमवार, रात्री ११:५२

आठ जणींना कबूल केलंस तिथेच धाग्याचा विषय संपला. :)

जाळ्याचं कोणीतरी नीट सांगेल, माझा आपला अंदाज: वरचा दोरा परत ओव.

उसवाउसवी | मंगळवार, सकाळी ७:१५

चिंधीचोर यांचा अंदाज बरोबर आहे. कारण सांगते, म्हणजे पुन्हा चाक फिरवणार नाहीस.

जाळं खाली दिसतं म्हणून सगळे बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, दोष देतात. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. मशीनच्या पोटात दोन चकत्या असतात, दोरा त्यांच्या मधून जातो आणि त्या त्याला आवळून धरतात. दाबपाय, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा पाय, खाली असताना या चकत्या मिटलेल्या असतात. अशा वेळी दोरा ओवलास तर तो चकत्यांच्या मध्ये न शिरता नुसता वरवर राहतो. मग वरून मोकळा सुटलेला दोरा खाली ढिगाने जमा होतो. म्हणून ओवताना पाय वर हवा आणि सुई सगळ्यात वर. ओवून झालं की पाय खाली कर आणि दोरा हाताने हळूच ओढून बघ. अडखळत आला तर बसलाय, सुर्रकन आला तर पुन्हा ओव. टीप सुरू करताना दोन्ही दोरे मागे धरून ठेव, तीन-चार टाके पडले की सोड.

चाक शून्य ते नऊ असेल तर चारवर आणून ठेव आणि विसर. बॉबिनच्या डबीचा बारीक स्क्रू मात्र अजिबात फिरवू नकोस. फिरवला असलास तर ते वेगळं प्रकरण आहे, तसं लिही.

सुई कधी बदलली होतीस? वापरात नसलेलं मशीन म्हणजे त्यात मावशीच्या काळातलीच सुई असणार. साध्या सुती कापडाला ९०/१४ नंबर, तलम कापडाला ७५/११, डेनिमला १००/१६. यातला मोठा आकडा म्हणजे सुईची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ९० म्हणजे ०.९ मिमी. बहुतेक घरगुती मशीनला सुईची सपाट बाजू मागे येते. टीशर्टचं ताणणारं कापड असेल तर बोथट गोल टोकाची बॉलपॉइंट सुई घे, साधी सुई त्यात टाके गाळते.

वेळेचं संध्याकाळी लिहिते, आता निघायचंय.

यंत्रमानव | मंगळवार, दुपारी १:०५

अवांतर, पण मेकॅनिकलवाल्याला राहवत नाही.

टाका कसा पडतो ते एकदा मशीनचं झाकण काढून, चाक हाताने हळूहळू फिरवून बघा. सुई तळाला जाते आणि किंचित वर यायला लागते. तेवढ्यात तिच्यामागे दोऱ्याचा एक छोटा फुगा तयार होतो. बरोबर त्याच क्षणी फिरणारा हुक येतो, तो फुगा पकडतो आणि अख्ख्या बॉबिनभोवती फिरवून सोडून देतो. संपूर्ण बॉबिन प्रत्येक टाक्याला त्या फासातून पार होते! मी लेक्चर बुडवून हे बघत बसलो होतो. सुईचं नाक टोकाशी असण्याचं कारणही हेच. इलायस हाउ या अमेरिकन संशोधकाच्या १८४६ च्या पेटंटमध्ये हीच जोडी आहे, टोकाशी नाक असलेली सुई आणि खालचा दुसरा दोरा.

त्याच्या आधी, १८३० मध्ये, बार्तेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने पेटंट घेतलं होतं ते एकाच दोऱ्याच्या साखळी टाक्याचं. सैन्याचे गणवेश शिवायला त्याने पॅरिसमध्ये कारखाना काढला, तर रोजी जाईल या भीतीने तिथल्या शिंप्यांनी १८३१ मध्ये तो फोडला.

हे सांगायचं प्रॅक्टिकल कारण असं की हातात धरायची ती स्टेपलरसारखी मिनी मशीनं मिळतात ना, ती बहुतेक एकाच दोऱ्याची, म्हणजे साखळी टाक्याची असतात. शेवटी दोरा नीट अडकवला नाही तर एक टोक ओढल्यावर अख्खी शिवण सर्रकन उसवते. खोलीत मशीन ठेवायला जागा नाही म्हणून मी घेतलं होतं. ज्याला शर्टची शिवण दुरुस्त करून दिली, त्याचा शर्ट प्रेझेंटेशनच्या मधोमध उघडला. आम्ही आता बोलतो, पण कामापुरतं.

चिंधीचोर | मंगळवार, दुपारी १:२०

"कामापुरतं" ला वारलो.

उसवाउसवी | मंगळवार, रात्री ९:३०

यंत्रमानव, प्रतिसाद आवडला. झाकण काढून बघितलं. वीस वर्षं शिवतेय, हे कधी पाहिलं नव्हतं.

आता वेळेबद्दल. अर्धीबाही, तू केलेला हिशोब अगदी खरा आहे, टिपेला वेळ लागतच नाही. वेळ जातो तो मांडामांडीत आणि उसवण्यात. तू एक पाऊच घेऊन तो शेवटपर्यंत न्यायला बघतेस. म्हणजे प्रत्येक पाऊचला इस्त्री एकदा काढायची, कात्री एकदा, मशीन एकदा. तसं करू नकोस. एका संध्याकाळी फक्त कापायचं, आठही एकदम. दुसऱ्या दिवशी फक्त इस्त्रीने दुमडी मोडायच्या. तिसऱ्या दिवशी मशीन काढायचं आणि एका मागोमाग एक, दोरा न तोडता, आठ तुकड्यांवरून तीच टीप मारत जायची. कापडाचे तुकडे पताकांसारखे दोऱ्याला लटकत बाहेर येतात, मग मधले दोरे कापायचे. मी शिकत होते तेव्हा रात्री जेवणानंतर अर्धा तास मिळायचा, त्यात असंच करायचे.

आणि थांबायचं कुठे हे ठरव. टीप मारून झाली म्हणून थांबू नकोस. पुढच्या टिपेच्या टाचण्या लाव, तुकडा दाबपायाखाली सरकवून ठेव आणि मग ऊठ. दुसऱ्या दिवशी दमून आलीस तरी नुसतं पायडल दाबायचं असतं. "आता काय करायचं होतं बरं" म्हणत उभं राहण्यातच निम्म्या रात्री जातात. एक चिठ्ठीही टोचून ठेव: "उलटी बाजू वर, तळ शिवायचाय" एवढंच.

रात्री दहानंतर उसवायचं नाही आणि कापायचंही नाही. रात्री फक्त टाचण्या.

निळीशाई | मंगळवार, रात्री १०:१०

रूमपार्टनरच्या बाजूने बोलते. मशीनखाली घडी घातलेला जाड टॉवेल घाला हो. टेबलाचा आवाज मशीनपेक्षा जास्त असतो. आणि टाचण्या मोजून काढा, मोजून ठेवा. माझ्या पायाला सापडलेली टाचणी कोणाची, यावरून आमच्याकडे दोन दिवस शांतता होती.

धावदोरा | बुधवार, सकाळी ८:२०

माझ्याकडे मशीन नाही, कधी नव्हतं, तरी गेल्या वर्षी मी सगळ्यांना हाताने शिवून भेटी दिल्या. मशीनला टेबल लागतं, प्लग लागतो, सलग वेळ लागतो. सुईदोरा एका डबीत मावतो. प्रॅक्टिकलला आमची बॅच बाहेर ताटकळायची तेवढ्यात माझी एक बाजू शिवून व्हायची.

टाके दोनच येऊ देत. तात्पुरतं जोडायला धावदोरा आणि पक्कं शिवायला उलट टाका. उलट टाक्यात प्रत्येक वेळी एक पाऊल मागे येऊन दोन पुढे जायचं, त्यामुळे शिवण मशीनइतकी घट्ट बसते. दोरा हाताच्या कोपरापर्यंत येईल एवढाच घ्यायचा. लांब घेतला की वाटतं परत ओवायला नको, आणि गाठी सोडवण्यात दुप्पट वेळ जातो. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण वावभर दोरा घेतो.

फेल्ट घेतलंत तर कडा उसवतच नाहीत, दुमडायचं कामच वाचतं. पुस्तकाच्या पानाच्या कोपऱ्यात बसणारी खूण करायला एक चौकोन आणि त्यावर शिवलेला एक त्रिकोण, बस्स. चष्म्याचं घर म्हणजे एक लांबट तुकडा दुमडून दोन बाजू शिवायच्या. दोऱ्याचा रंग मुद्दाम विरुद्ध घ्यायचा, टाके वाकडे आले तरी हौसेने घातल्यासारखे दिसतात.

चिंधीचोर | बुधवार, सकाळी ९:००

+१. दोऱ्याच्या रंगाच्या सल्ल्यासाठी वाचनखूण साठवली.

अर्धीबाही, चेनपासून पळ. आठ पाऊच म्हणजे आठ चेन. नाडीची पिशवी शिव, चार्जर-इअरफोन टाकायला सगळ्यांना लागते. मी खूप शिवल्यात, मापं देतो.

एका पिशवीला २२ सेंमी रुंद, ५४ सेंमी लांब पट्टी. मधोमध दुमडायची, सुलटी बाजू आत. दोन्ही बाजूंना १ सेंमीवर टीप, पण वरून ७ सेंमी मोकळं सोडायचं. त्या मोकळ्या कडा आत दुमडून शिवून टाकायच्या. मग वरची कड आधी १ सेंमी, नंतर ३ सेंमी दुमडायची आणि टीप. झाला नेफा. पिशवी २० बाय २३ होते. नाड्या दोन, प्रत्येकी ६० सेंमी, एक डावीकडून ओवायची, एक उजवीकडून, म्हणजे दोन्हीकडून ओढल्यावर तोंड मिटतं.

११२ सेंमी पन्ह्याच्या कापडात आडव्या पाच पट्ट्या बसताना दिसतील, पण दोन्हीकडचा काठ जमेस धरू नकोस, चारच धर. उभ्या दोन. सव्वा मीटरात आठ झाल्या, आणि कापड आटलं तरी पुरतं.

एक गंमत मात्र आहे. छापाला खाली-वर असेल, म्हणजे झाडं, मांजरं असं काही, तर पट्टी दुमडल्यावर मागच्या बाजूची मांजरं शीर्षासनात येतात. मी अशा सहा शिवल्या तेव्हा लक्षात आलं. ठिपके घे, रेघा घे. मांजरंच हवी असतील तर दोन वेगळे तुकडे कापून तळाला जोड, आणि त्यासाठी प्रत्येक तुकड्याला १ सेंमी जास्त धर.

निळीशाई | बुधवार, सकाळी ९:४५

कापड आधी धुवायचं की नाही? आमच्याकडे यावर दोन पंथ आहेत.

चिंधीचोर | बुधवार, सकाळी ९:५१

पिशवीला कोण धुतं. नव्या कापडाला खळ असते, बेतायला सोपं जातं.

उसवाउसवी | बुधवार, रात्री ९:००

अंगात घालायचं सुती कापड असेल तर धुवायचंच, यात पंथबिंथ नाही. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि बहुतेक वेळा उभ्या धाग्याच्या बाजूला जास्त आटतं. उंचीचा कुर्ता धुतल्यावर आखूड होतो तो त्यामुळे. पिशवीचं चिंधीचोर यांना माफ. पण गडद लाल आणि पांढरं एकत्र जोडणार असशील तर पिशवीसाठीही धू. लाल कापडाची एक चिंधी ओली करून पांढऱ्यावर दाबून बघ, पाच मिनिटांत कळतं.

गोलघेर | गुरुवार, दुपारी २:३०

सगळे भेटींमध्येच अडकलेत. कपडे शिवणाऱ्यांसाठी माझा अनुभव.

सगळ्यात कमी वेळात होणारा कपडा म्हणजे पायजमा. जुना, नीट बसणारा पायजमा एकात एक घालून घडी करायचा, वर्तमानपत्रावर ठेवून कडेने आखायचा, शिवणीला दीड सेंमी आणि वर नेफ्याला चार सेंमी सोडायचे. मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच असतो तो तसाच आखा. दोन्ही सारखे केलेत तर खाली बसल्यावर चारचौघांत कळेल.

दुसरा, पूर्ण गोल घेराचा स्कर्ट. कंबरेच्या मापाला ६.२८ ने भागायचं, ती मधल्या भोकाची त्रिज्या. ७२ सेंमी कंबर असेल तर साधारण साडेअकरा. मी घाईत ३.१४ ने भागलं, तेवीस आलं, आणि तेच त्रिज्या म्हणून आखलं. कंबर १४४ सेंमी झाली. मी आणि माझी रूममेट दोघी एकदम त्यात उभ्या राहिलो, फोटो आहे, टाकणार नाही. शाखा: गणित.

आणि गोल स्कर्टची खालची दुमड त्याच दिवशी घालू नका. एक रात्र हॅंगरला लटकवून ठेवा. उरेबात, म्हणजे धाग्यांना तिरका, आलेला भाग स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो, सकाळी घेर खाली-वर दिसतो. तो सारखा कापून घ्यायचा आणि मग दुमडायचं. परीक्षेच्या आदल्या रात्री हे फार उपयोगी आहे, काम न करण्याला कारण मिळतं.

उसवाउसवी | गुरुवार, रात्री ९:२०

गोलघेर :D

अर्धीबाही, तुझ्या टॉपबद्दलही सांगून ठेवते. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही जोडायच्या भोकापेक्षा, थोडा मोठाच असतो, सुती कापडाला दोनेक सेंमी, त्यामुळे "बाही मोठी झाली" म्हणून कापायला जाऊ नकोस. तेवढं जास्तीचं खांद्याच्या भागात हाताने मुरवायचं, आधी कच्चा टाका घालून. आणि बाहीची पुढची-मागची बाजू वेगळी असते. मुंढ्याला पुढे जास्त खोल कापलेलं असतं. पुढच्या बाजूला एक खूण आणि मागच्या बाजूला दोन खुणा कात्रीने अगदी बारीक करून ठेवायच्या. कापताना कापड दुहेरी घडी घालून दोन्ही बाह्या एकदम काप.

निळीशाई | शुक्रवार, सायंकाळी ६:०५

"कात्रीने" वरून आठवलं. कापडाच्या कात्रीने कागद कापणाऱ्यांवर एक स्वतंत्र धागा काढायला हवा. ती मीच होते, पण तरी.

अर्धीबाही | रविवार, सायंकाळी ५:१५ (तीन आठवड्यांनंतर)

वृत्तांत.

जाळं: पाय वर करून ओवलं, एका मिनिटात गेलं. तीन महिने मी पाय खाली ठेवून ओवत होते. सुईसुद्धा बदलली, जुनी काढली तर टोक नखाला लागतच नव्हतं.

पिशव्या: ठिपक्यांचं कापड घेतलं. सोमवारी आठही कापल्या, मंगळवारी इस्त्री, मग मधे सबमिशन, चार दिवस हात लावला नाही. पण शेवटचा तुकडा पायाखाली ठेवून उठले होते, चिठ्ठीसकट. परत बसले ती थेट टीपच मारली. उसवाउसवी ताई, यासाठी तुम्हाला एक पिशवी लागू. एकूण सहा पूर्ण झाल्या. सातवीचे नेफे बाकी होते ते धावदोरा यांच्या पद्धतीने व्हायवाच्या रांगेत बसून हाताने शिवले. माझ्या आधीच्या मुलीने विचारलं की हे प्रश्नांत येणार आहे का. आठवीच्या वेळी मी मोकळं सोडायचे ७ सेंमी विसरले आणि बाजू वरपर्यंत शिवून टाकली. रात्रीचे साडेदहा झाले होते, त्यामुळे उसवली नाही. तिला खुणेचा फेल्टचा कोपरा दिला, वाकडे टाके नारिंगी दोऱ्याने. तोच सगळ्यांना जास्त आवडला म्हणे.

नाड्या विकतच्या न घेता टॉपच्या उरलेल्या कापडाच्या पट्ट्या कापून केल्या. रंग छान जुळला.

उसवाउसवी | रविवार, सायंकाळी ५:४०

वा! आणि बाही?

अर्धीबाही | रविवार, सायंकाळी ५:५८

आज सकाळी घेतली लावायला. तुम्ही सांगितलेल्या खुणा करायला बसले तेव्हा कळलं ती गेल्या सुट्टीपासून का बसत नव्हती. मी कापड दुहेरी न घेता एकेक करून कापलं होतं. दोन्ही बाह्या उजव्या आहेत.

चिंधीचोर | रविवार, सायंकाळी ६:०१

मग डावी कापून टाक, त्यात काय. कापड आहे ना?

अर्धीबाही | रविवार, सायंकाळी ६:०३

नाड्या झाल्या त्याच्या.